देखाव्यातला फोटो

नोएडा,
३ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना हात थांबला होता, हे आधीच सांगून टाकतो. तू ते दोनदा वाचशील, ठाऊक आहे. ज्याचा पत्ता लागलेला नाही त्याची बायको सवाष्णच असते. त्याबद्दल मला कधी शंका नव्हती.

तू गेल्याला पंधरवडा झाला. पुण्याला तीनदा फोन लावला. दोनदा तुझ्या सासूबाईंनी घेतला आणि "उत्तरा शाळेत गेली आहे" म्हणाल्या. त्यातला एक वार रविवार होता. अलकनंदाबाईंना मुलाची काही खबर नाही, आणि वर सुनेसाठी खोटं बोलावं लागतंय. अशा बाईला मी आणखी काय विचारणार? तिसऱ्यांदा कोणी उचललाच नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत कागदावरच बोलत आलो, तेवढंच जमतं.

गौरीच्या दिवशी जे घडलं त्याबद्दलची वस्तुस्थिती तुझ्यापुढे ठेवतो. मे-जूनमधलं आपल्या सोसायटीचं वातावरण तुला आठवत असेल. ज्यांनी जन्मात नकाशा उघडला नव्हता ते लिफ्टमध्ये शिखरांचे आकडे म्हणून दाखवत होते. बायकांनी जवानांसाठी लाडवांचे डबे पाठवले, ते कुठे पोचले देव जाणे. केतन जूनच्या शेवटी बेपत्ता झाला, जुलैत लढाई संपली आणि सप्टेंबरात निवडणूक आली. मधल्या काळात ती लढाई डोंगरावरून उतरली आणि होर्डिंगवर चढली. एक पक्ष म्हणे, आम्ही जिंकलो. दुसरा म्हणे, तुम्ही झोपला होतात म्हणून शत्रू आत आला. दोघांच्या होर्डिंगवर सैनिक मात्र तोच, एकाच स्टुडिओतून आणलेला.

अशा दिवसांत मंडळाच्या गणपतीपुढे कारगिलचा देखावा करायचं ठरलं. थर्माकोलचे डोंगर, कापसाचा बर्फ, सौजन्य वॉशिंग मशीनची कंपनी. त्यात केतनचा फोटो लावण्याची सूचना आली आणि ती मान्य करण्यात आली. फोटो मी तुझ्याकडून स्मरणिकेसाठी घेतला होता, केतन सुखरूप परत यावा म्हणून प्रार्थनेचं एक पान काढायचं होतं, हे खरंच होतं. तो सहा फुटांचा करून देखाव्यात कसा गेला, त्याखाली 'शहीद' कोणी लिहिलं, हे आता नक्की सांगता येत नाही. फोटोत केतनच्या दंडावर तुझा हिरव्या बांगड्यांचा हात होता, त्या जागी पेंटरने झेंडूचं फूल काढलं. त्याने कोणाला विचारलंही नसेल. हे लोक घाईत असतात.

हार घालण्यात आला तो उमेदवार यायच्या अर्धा तास आधी. तू नैवेद्याचं ताट घेऊन खाली आलीस, तेव्हा फोटोपुढे उदबत्ती लागली होती आणि दोन-तीन माणसं वाकून नमस्कार करत होती. मी स्टेजवर होतो. तू ताट कुठे ठेवलंस ते मला दिसलं नाही. मग उमेदवाराने माइकवर "शहीद की पत्नी" म्हणून तुला बोलावलं आणि मंडळाच्या विनयने हाताला धरून वर आणलं. शाल तुझ्या खांद्यावरून दोनदा घसरली.

राहता राहिलं हळदीकुंकू. तुझ्या सरलाकाकूच्या हातून जे झालं ते गर्दीत झालं. ती करंडा घेऊन रांगेत एकेकीला कुंकू लावत होती, तू मध्ये होतीस, ती पुढे गेली. तिचे गुडघे दुखतात, नजर अधू झाली आहे. तू मनात धरू नकोस. स्मरणिकेच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापून घेईन. ते माझ्याकडे लागलं.

तुझी आंब्याच्या लोणच्याची बरणी इथेच राहिली आहे.

तुझा,
श्यामकांतकाका


नोएडा,
१७ जानेवारी २०००

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी टपालाच्या वेळी गच्चीत जाऊन उभा राहतो आणि सरलाला सांगतो की उन्हाला आलोय. दिल्लीच्या जानेवारीत ऊन असतं कुठे?

परवा मंडळाची बस पानिपतला गेली. संक्रांतीची आपली नेहमीची फेरी. काला अंबच्या स्मारकापाशी फुलं वाहायची, तिळगूळ वाटायचा, येताना बायकांनी सतरंज्या आणि चादरी घेऊन बस भरायची. जाताना बसमध्ये माइक माझ्याकडे असतो आणि मी पानिपत सांगतो. तुझे बाबा होते तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या क्वार्टर्सपासून बस निघायची. हरिदास पुढच्या सीटवर बसून माझ्या सनावळ्या दुरुस्त करायचा. तो आणि गिरिजावहिनी एका वर्षात गेले. तू पंधरा वर्षांची, दप्तर आणि एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आलीस. त्या वर्षीही संक्रांतीला तू बसमध्ये होतीस.

तुला सगळ्या पानिपतातली एकच गोष्ट हवी असायची. सदाशिवरावभाऊ पडले, कोणी म्हणे ओळख पटली, कोणी म्हणे नाही. पार्वतीबाईंनी मानलंच नाही. पुढे बावीस वर्षं जगल्या, त्या कुंकू लावून. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात, पेशव्यांच्या घरात, त्यांचं कपाळ पुसायला कोणी गेलं नाही. तू दर वर्षी विचारायचीस, "काका, मग त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचे?" आणि मी माइकवरून रुबाबात सांगायचो, "बोलवायचे म्हणजे काय, घरातल्या सवाष्णी आधी त्यांना लावायच्या." हे मला कोणत्या बखरीत सापडलं होतं विचारशील, तर कोणत्याच नाही. तुला बरं वाटायचं म्हणून मी ते जोडलं होतं.

परवा विनयच्या अबोलीने मागच्या सीटवरून ओरडून सांगितलं, "आजोबा, वो कुंकूवाली आजीची स्टोरी सांगा ना." नऊ वर्षांची आहे, मराठी-हिंदीची खिचडी करते. मी म्हटलं, घसा बसलाय. विनयने माइक घेतला आणि अंताक्षरी लावली. मी काचेकडे तोंड करून बसलो. शेतात मोहरी फुलली होती, ती बघितली.

उत्तरा, मागच्या पत्रात मी 'करण्यात आली', 'घालण्यात आला' असं लिहिलं. ऑफिसात फाइलवर नोट टाकताना मी तसंच लिहायचो, म्हणजे पुढे चौकशी झाली तर कोणाच्या गळ्यात येत नाही. ते पत्र टाकल्यावर मला माझीच लाज वाटली, पण पोस्टाच्या पेटीतून पत्र परत काढता येत नाही.

तर आता सरळ लिहितो. ऑगस्टमध्ये विनय माझ्याकडे आला. बरोबर उमेदवाराचा माणूस होता, पांढरे बूट घातलेला. तो म्हणाला, "अपना कोई शहीद हो तो बताइए, नेताजी खुद आरती करने आएँगे." मी म्हटलं, आमच्याकडे तसं कोणी नाही. विनय म्हणाला, "काका, यार, आपला केतन आहे ना." मी म्हटलं, केतन बेपत्ता आहे. हे मी म्हटलं होतं, एवढं माझ्या पदरात टाक. तो माणूस म्हणाला, "दो महीने हो गए। कैदियों की लिस्ट में नाम नहीं। अब क्या मिसिंग?" आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपके भवन के प्लॉट की फाइल कहाँ अटकी है?"

अकरा वर्षं मी त्या फाइलच्या मागे होतो. मराठी माणसाला यमुनेपलीकडे चार भिंती असाव्यात, मुलांचे मराठीचे वर्ग भरावेत, लग्नामुंजी व्हाव्यात. वाईट इच्छा नव्हती गं. मी दोन मिनिटं गप्प बसलो. विनयने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि मी तो घेऊ दिला.

उमेदवार निवडून आले, हे तू पेपरात वाचलं असशीलच; आता सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात.

सरला तिळगूळ पाठवते आहे. खाल्ला नाहीस तरी शाळेत वाट.

काका


नोएडा,
६ एप्रिल २०००

चि. सौ. उत्तरास,
आशीर्वाद.

तुझं कार्ड काल, पाडव्याच्या दिवशी मिळालं. 'काका, केतनचा फोटो परत पाठवा. हार नको.' एवढंच. अक्षर मात्र तसंच आहे, टपोरं. लक्ष्मीबाई नगरच्या जिन्यात पाटी धरून मीच गिरवून घेतलं होतं. सरलाने कार्ड देवापुढे ठेवलं, मग उचलून वाचलं आणि पुन्हा ठेवलं.

फोटो शोधतो आहे. देखावा मोडला तेव्हा सामान इकडेतिकडे झालं. मूळ प्रत स्टुडिओत राहिली असेल. मिळाली की लगेच पाठवतो.

दुसरी एक गोष्ट आहे, ती तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. प्लॉट मिळाला. अक्षय तृतीयेला भूमिपूजन आहे. कोनशिला घडवून तयार आहे, विनयने मला दाखवायला आणली होती. तिच्यावर कोरलं आहे, 'शहीद कॅप्टन केतन स्मृती सभागृह'. मी म्हटलं, अरे, सैन्याने अजून काही कळवलेलं नाही, तू दगडावर कसं कोरतोस? तो म्हणाला, "काका, साहेबांच्या ऑफिसमधून नाव फायनल होऊन आलंय. आता बदलायचं म्हणजे प्लॉटवरच प्रश्न येईल." विनय वाईट मुलगा नाही. पुण्याहून येऊन चार वर्षांत गुरगावच्या कंपनीत मॅनेजर झाला. त्याला वाटतं, जगातलं सगळं काम डेडलाइनला पूर्ण होतं, माणसाचं मरणसुद्धा.

पण तू काळजी करू नकोस. मी अध्यक्ष आहे, भूमिपूजनाला पहिलं भाषण माझं आहे. मी माइकवर उभा राहून साहेबांसमोर सांगणार आहे, की केतन बेपत्ता आहे, त्याची बायको त्याची वाट बघते आहे, आणि तो परत येईपर्यंत किंवा सैन्य सांगेपर्यंत या मंडळात त्याच्या नावामागे 'शहीद' लागणार नाही. भाषण लिहून काढलं आहे, दीड पान. सरलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणाल तेव्हा खरं."

काका


नोएडा,
९ मे २०००

उत्तरा,

मी बोललो नाही.

भाषणाचे कागद खिशात होते. मांडव होता, कूलर होते, दोनशे माणसं होती. साहेब दीड तास उशिरा आले, येताना टीव्हीवाले घेऊन आले. मी उभा राहिलो, माइक नीट केला, समोर पहिल्या रांगेत हिंदूराव, जनकपुरी अशा दिल्लीच्या वस्त्यांतून, कुठूनकुठून आलेली आपली जुनी मंडळी बसलेली, डोळे पुसत. आपल्या मंडळातले म्हातारे कर्नल हात जोडून बसले होते. मी स्वागत केलं, आभार मानले आणि बसलो. टाळ्या झाल्या. कोनशिलेवरचा पडदा साहेबांनी ओढला आणि गुलाबाच्या पाकळ्या माझ्याही डोक्यावर पडल्या.

घरी आल्यावर सरलाने विचारलं नाही. तिने भाषणाचे कागद माझ्या खिशातून काढले, कपडे धुवायला टाकायच्या आधी काढते तसे, आणि टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "अहो, पहिल्या पत्रात तुम्ही माझं काय लिहिलंत?" मी म्हटलं, गर्दीत झालं असं लिहिलं. ती म्हणाली, "गर्दी नव्हती. माझ्यापुढे ती एकटी होती. मी तिच्याकडे बघितलं, मग बाहेरच्या फोटोवरच्या हाराकडे बघितलं, आणि माझा हात पुढच्या बाईकडे गेला. मागून शालिनी म्हणाली, 'बरं केलंत, अपशकुन नको.' मी हो म्हटलं. तिने ते ऐकलंय. तसंच लिहा."

तसंच लिहिलं.

त्या गौरीच्या दिवसापासून सरला कोणाच्या हळदीकुंकवाला जात नाही. चैत्रगौरीची सात बोलावणी आली, प्रत्येकीला गुडघ्याचं कारण सांगितलं. देव्हाऱ्यातला तो करंडा तिने फडक्यात बांधून कपाटात ठेवला आहे. ती मला बोलत नाही, पण पाण्याचा तांब्या समोर आपटून ठेवते, त्यात सगळं येतं.

आणि फोटो. उत्तरा, फोटो हरवलेला नाही. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे, पहिल्या दिवसापासून. तो पाठवायचा म्हणजे तू तो हातात घेणार, आणि घेतलास की तुला दिसणार काय झालंय ते. म्हणून पाठवला नाही.

आता खणच उपसतोय तर हेही लिहितो. प्लॉट हे अर्धंच कारण होतं. जुलै-ऑगस्टमध्ये तू आमच्या हॉलमध्ये फोनजवळच्या खुर्चीत बसून असायचीस. शाळेतून आलीस की तिथे, जेवणाचं ताट तिथे, वह्या तपासायच्या त्याही तिथे. घंटी वाजली की तू दुसऱ्या घंटीच्या आत उचलायचीस, आणि कोणीतरी क्रेडिट कार्ड विकत असायचं. मी समोर पेपर धरून बसायचो. मला तुझं तोंड बघवत नव्हतं. माझ्या मनाने केतन जुलैतच गेला होता. मी त्याचं दुःख करून मोकळा झालो होतो आणि तू मला मोकळं होऊ देत नव्हतीस. पांढऱ्या बुटांचा माणूस 'अब क्या मिसिंग' म्हणाला तेव्हा, देवाशपथ सांगतो, मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी एकदाचं म्हणालं. हे संपावं असं मला वाटत होतं, उत्तरा. कन्यादान केलेल्या पोरीचं वाट बघणं मला घरात नकोसं झालं होतं.

हे लिहून मी क्षमा मागत नाही. मागायची तर कशाच्या जोरावर?

श्यामकांत


नोएडा,
२० जुलै २०००

चि. सौ. उत्तरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पत्र लिहायला बसलो तेव्हा सरलाने आपण होऊन चहा आणून ठेवला. त्यावरून ओळख.

काल यंदाच्या गणपतीची बैठक झाली. विषय तोच, देखावा. कोणी म्हणालं संगणकयुग करू, कोणी म्हणालं कारगिल पुन्हा करू, सामान पडलंय. मी उठलो. माइक नव्हता, टीव्हीवाले नव्हते, जेमतेम तीस माणसं, समोर वेफर्सच्या बशा. मी म्हटलं, "गेल्या वर्षी आपण एका जिवंत असू शकणाऱ्या माणसाच्या फोटोला हार घातला. मला माहीत असून घातला. त्याच्या बायकोला आपल्या बायकांनी हळदीकुंकवात ओलांडलं. माझ्या बायकोने ओलांडलं. कोनशिलेवरचं ते नाव झाकलं जात नाही तोवर मी अध्यक्ष नाही, आणि झाकलं गेलं तरी नाही."

 मग शालिनी म्हणाली, "काका, आम्ही पण होतो त्यात." विनय बराच वेळ पेन उघडत-मिटत बसला, शेवटी म्हणाला, "ओके. मी साहेबांच्या ऑफिसशी बोलतो. प्लॉट गेला तर गेला." मला त्या पोराचा पहिल्यांदा अभिमान वाटला. आज सकाळी आम्ही दोघांनी जाऊन कोनशिलेवर ताडपत्री बांधली. सुतळी मी आवळली.

आता ऐक. झेलम एक्स्प्रेसची पुण्याची दोन तिकिटं काढली आहेत, २४ ऑगस्टची, गणपतीच्या आधी. सरला येते आहे. तिने करंडा कपाटातून काढून घासला. म्हणाली, "मला तिच्या घरी जाऊन, अलकनंदाबाईंसमोर, तिला कुंकू लावायचंय. तिने लावू दिलं तर." फोटो मी हातानेच आणून देईन. त्याचं काय झालंय ते समोर उभा राहून सांगेन, पत्रात नाही.

वर्ष झालं, पण उशीर झाला म्हणून सवाष्णीला कुंकू लावायचं राहत नाही.

काका


नोएडा,
८ ऑगस्ट २०००

चि. उत्तरा,

तुला माझ्या आधी कळलं. यंदा बर्फ खालपर्यंत वितळला आणि गस्तीच्या तुकडीला तो सापडला, असं मला कर्नलसाहेबांनी फोनवर सांगितलं. खिशात तुझी तीन पत्रं होती, तेही सांगितलं.

काल पुण्याला नेण्याआधी विमान इथे पालमच्या विमानतळावर थांबणार होतं. कर्नलसाहेबांच्या ओळखीने मला आत सोडलं. सगळं शिस्तीत होतं, कोणी भाषण केलं नाही. तिरंगा नीट ताणलेला. एका जवानाने पेटीच्या कोपऱ्यावरची धूळ हाताने पुसली. मी गेटबाहेरून हार घेतला होता, पांढऱ्या शेवंतीचा. मला म्हणाले, "आप परिवार से हैं? चढ़ाइए." मी दोन पावलं गेलो आणि हात वर होईना. त्याला मी आधीच एक हार घालून बसलो होतो. तो हार एका वायुसेनेच्या पोराच्या हातात दिला आणि म्हटलं, तू घाल. त्याने घातला.

संध्याकाळी विनय आला. डोळे लाल होते, रडला होता. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "काका, एक म्हणू? म्हणजे आपण गेल्या वर्षी चूक नव्हतो." माझं समाधान व्हावं म्हणूनच म्हणाला. सोसायटीत सगळे आज हेच म्हणताहेत. लिफ्टमध्ये एकाने माझा हात हातात घेऊन सांगितलं, "आपने तो पहले ही पहचान लिया था." कोनशिलेवरची ताडपत्री दुपारीच कोणीतरी सोडली आणि तिथे फुलं ठेवली. आता त्या दगडावर एक अक्षरही खोटं नाही. आपण काय केलं होतं ते यापुढे कोणाला पटवून देता येणार नाही. ते तुला माहीत, सरलाला माहीत आणि मला माहीत.

मी विनयला म्हटलं, "चूक होतो. तो गेला होता हे आपल्याला माहीत नव्हतं. आपण ते आपल्या सोयीने ठरवलं. तिच्याकडे वाट बघण्याचं एक वर्ष होतं, तेवढंच तिच्या नशिबात उरलं होतं, आणि ती वाटही आपण तिला सुखाने बघू दिली नाही." त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग निघून गेला.

फोटो या पत्रासोबत पाठवतो आहे. समोर उभा राहून सांगेन म्हटलं होतं, पण आता ते धैर्य नाही, आणि तुला तो आज हवा असेल. तो मधून दुमडलेला आहे. तुझ्या मनगटावरून घडी गेली आहे. ती मी घातली. स्टुडिओवाल्याला कळावं की फोटो कुठपर्यंत घ्यायचा, म्हणून नखाने दाबून घातली. तरी तुझी बोटं आणि बांगड्या केतनच्या दंडावर राहिल्याच. मोठा करून आणला तेव्हा पेंटर ब्रश घेऊन उभा होता. मी पहिल्या पत्रात लिहिलं की त्याने कोणाला विचारलं नसेल. त्याने विचारलं होतं. म्हणाला, "बाबूजी, ये किसी लेडीज का हाथ आ रहा है। इसका क्या करूँ?"

मी म्हटलं, "मिटा दो."

आता माझ्याकडे लपवलेलं काही नाही.

सरलाने तिकिटं रद्द करू दिली नाहीत. तेरावं होऊन गेल्यावर आम्ही पोचतो. मी म्हटलं, अगं, आता करंडा कशाला, लोक काय म्हणतील, तिला काय वाटेल? ती म्हणाली, "लोकांचं ऐकूनच पुढे गेले होते ना." तिने तुला कळवायला सांगितलंय, ते तिच्याच शब्दांत लिहितो. ती तुझ्यापुढे कुंकवाचं बोट धरेल. ते गेल्या गौरीचं कुंकू आहे, आजचं नाही. कपाळ पुढे करायचं की तोंड फिरवायचं, ते तू बघ. तू तोंड फिरवलंस तरी या वेळी ती पुढे जाणार नाही, तिथेच उभी राहील.

श्यामकांतकाका